जपूनसाहेबांचा कोबाल्ट

माणसाने खिशात काय बाळगावं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. कोणी कंगवा बाळगतं, कोणी पित्ताच्या गोळ्या, कोणी नुसतेच हात. जपूनसाहेब चाकू बाळगत. घडीचा, कोबाल्टच्या पात्याचा. एवढ्यावरून हा माणूस दांडगट असेल असं कोणी समजू नये. जपूनसाहेब बसस्थानकावरच्या हरवले-सापडले कार्यालयाचे प्रमुख होते आणि आयुष्यात त्यांनी कोणावर आवाज चढवला असेल तर तो फक्त छत्री विसरणाऱ्यांवर.

'जपून' हे काही त्यांचं आडनाव नव्हे. बसमध्ये विसरलेली वस्तू परत देताना ते मालकाकडे चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "पुढच्या वेळी जपून." म्हणायची तऱ्हा अशी, की छत्री न्यायला आलेला माणूस छत्री तिथेच टाकून पळून जावा. त्यावरून माघारी सगळे त्यांना जपूनसाहेब म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. कारण जपूनसाहेबांनी स्वतः जन्मात एकही वस्तू हरवली नव्हती. पेन नाही, रुमाल नाही, डबा नाही. बायकोने एकदा, लग्नाला नुकतंच वर्ष झालेलं असताना, कानातलं हरवलं होतं. तो विषय त्या घरात अजून निघत असे. कोण काढत असे हे वेगळं सांगायला नको.

चाकू बायकोनेच आणला होता. पण भेट म्हणून नव्हे, तह म्हणून. जपूनसाहेब पार्सलची सुतळी कापायला, पेन्सिलीला टोक करायला, क्वचित स्क्रू पिळायलासुद्धा स्वयंपाकघरातली सुरी नेत आणि न पुसता परत ठेवत. शेवटी सुरीने टोमॅटोसमोर हात टेकले तेव्हा बायको उठली, दुकानात गेली आणि म्हणाली, "जो माणूस कधीच काही पुसत नाही, त्याच्या खिशात टिकेल असा चाकू द्या." दुकानदाराने क्षणभर विचार केला आणि कोबाल्टचा काढला. याला गंज चढत नाही, म्हणाला. घामाने नाही, फळाच्या रसाने नाही, नवऱ्यानेसुद्धा नाही.

"हा तुमचा," तिने घरी येऊन सांगितलं. "आजपासून माझ्या सुरीला हात लावायचा नाही."

"चाकू?" जपूनसाहेब दुखावलेल्या आवाजात म्हणाले. "मी काय चाकू घेऊन हिंडणारा माणूस वाटलो तुला?"

आठवड्याभरात ते चाकू घेऊन हिंडणारा माणूस झाले होते. तो हातात इतका नेमका बसत होता की दोष द्यायला जागाच नव्हती. मूठ काळी, किंचित खरबरीत. एका बाजूला खिशाच्या कडेला अडकवायची क्लिप, त्यामुळे किल्ल्यांच्या जुडग्यात हरवायची भीती नाही. अंगठ्याने पातं उघडलं की 'टक्' असा एक समंजस आवाज होई, आणि मिटतानाही तेवढाच. धार अशी, की सुतळीला आपण कापले गेलो हे जरा वेळाने कळावं. जपूनसाहेबांचं आणि चाकूचं जमलं याचं खरं कारण त्यांच्या स्वभावात होतं. ते कुठल्याच गोष्टीची निगा राखत नसत आणि या चाकूला निगा लागत नव्हती.

पुढे तर ऑफिसात कोणाचं काही अडलं की "साहेबांना बोलवा" असं होऊ लागलं. कोणाच्या बाहीचा दोरा लोंबला, कोणाचं खोकं उघडत नाही, कोणाचा ड्रॉवर अडकला. जपूनसाहेब सावकाश उठत, टक् करत आणि काम झालं की कोणी न विचारता सांगत, "कोबाल्ट आहे." यावर प्रत्येक जण एकच प्रश्न विचारी.

"मग निळा का नाही?"

या प्रश्नाने त्यांचं डोकं उठे. कोबाल्ट म्हटलं की लोकांना रंगाच्या डब्यावरचा निळा आठवे. कोबाल्ट हा धातू आहे, पात्याच्या धातूत तो मिसळलेला असतो, तो काही चाकूला फासलेला नसतो, हे समजावून सांगताना त्यांचा घसा बसायचा. समोरचा शांतपणे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "असेल, असेल. पण थोडा तरी निळा हवा होता."

तर असा हा चाकू एका सोमवारी जेवणाच्या सुट्टीत जपूनसाहेबांनी सफरचंद कापायला काढला. सफरचंद खाल्लं, हात धुतले, आणि चाकू काउंटरवरच राहिला. वाक्य इतकं साधं आहे, पण हे घडलं कसं याचा उलगडा जपूनसाहेबांना अखेरपर्यंत झाला नाही. संध्याकाळी त्यांनी खिशात हात घातला तर खिशात फक्त खिसा होता.

चाकू सापडायला वेळ लागला नाही. तो त्यांच्या समोरच होता. मागच्या जाळीच्या कपाटात, एका पायाचा बूट आणि बासरी यांच्या मधोमध, गळ्यात लेबल बांधून बसला होता.

"हा इथे कसा?" त्यांनी सहायिकेला विचारलं.

सहायिका नवीन होती. कामाला लागून तिला थोडेच महिने झाले होते आणि नोकरी अजून कायम व्हायची होती. जपूनसाहेबांनी घातलेले सगळे नियम तिला पाठ होते. जपूनसाहेबांच्याही कितीतरी आधी तिला ते आठवत.

"काउंटरवर बेवारशी पडला होता सर. मी जमा करून घेतला."

"अहो, तो माझा आहे!"

सहायिका जराशी हसली. परीक्षेत पाठ केलेलाच प्रश्न आल्यावर मुलं हसतात तशी.

"वस्तू ओळखीची वाटली तरी मालक गृहीत धरू नये," ती म्हणाली. "नियम तुमचाच आहे सर."

आता इथे जपूनसाहेबांची एक सवय सांगायला हवी. नवीन माणूस आला की ते त्याची परीक्षा घेत. बाकावर मुद्दाम पिशवी ठेवून बघत, ती कोण उचलतं. कधी एखाद्या ओळखीच्या माणसाला खोटा मालक म्हणून पाठवत. सहायिकेने या सगळ्याच्या कहाण्या पहिल्याच दिवशी ऐकल्या होत्या. गेले काही महिने ती आपली परीक्षा कधी येते याची वाट बघत होती. आणि आज ती कोबाल्टच्या पात्यासह समोर येऊन पडली होती.

"ही परीक्षा नाही," जपूनसाहेब म्हणाले.

"हो सर," सहायिका म्हणाली आणि कपाटाची किल्ली पर्समध्ये टाकली.

दुसरा नियम असा होता, की हरवलेली वस्तू कर्मचाऱ्याला किंवा त्याच्या नातेवाइकाला द्यायची नाही. हाही जपूनसाहेबांचाच. त्यांच्या आधीच्या प्रमुखाच्या भाच्यांना छत्र्या फार सापडत, म्हणून केलेला. आणि तिसरा नियम तर त्यांच्या शिरपेचातला तुराच होता. वस्तूचं वर्णन विचारल्यावर जो सगळं चुकीचं सांगतो तो तोतया. जो सगळं बरोबर सांगतो तोही तोतया, कारण तो शिकून आलेला असतो. खरा मालक एक गोष्ट हमखास चुकतो. आपल्याच वस्तूकडे माणूस कधी नीट बघत नाही, असं जपूनसाहेब म्हणत आणि ऐकणारे मान डोलावत.

मंगळवारी त्यांनी तिला निर्वाणीचं सांगितलं. "विचारा मला काय विचारायचं ते. विचाराच!"

सहायिकेने चाकू पाठीमागे धरला. मूठ? काळी. क्लिप? उजव्या बाजूला. पातं? कोबाल्टचं, आणि निळं नाही. मिटताना? टक्.

"कुठे काही अक्षरं?"

"एक अक्षर नाही!" जपूनसाहेब गरजले. "रोज हातात असतो माझ्या. तळहातासारखा ओळखतो मी त्याला."

सहायिकेने पाठीमागेच क्लिपवरून अंगठा फिरवला. तिने चाकू पुन्हा बुटाच्या आणि बासरीच्या मधे ठेवला.

नाइलाजाने जपूनसाहेब आगारप्रमुखांकडे गेले. आगारप्रमुख मोठा सभ्य माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नियम कोणी केले ते विचारलं, "मी" हे उत्तर आल्यावर अर्धं मिनिट खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "मग बदला की. पण बदल पुढच्या वस्तूंना लागू होईल. जमा झालेल्या वस्तूला जुनाच नियम. आणि धारदार वस्तूंचं आपण काय करतो?"

"महिनाअखेर मोडून भंगारात देतो," जपूनसाहेब क्षीण आवाजात म्हणाले.

"हा नियम कोणाचा?"

जपूनसाहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. महिनाअखेर शनिवारी होती.

ते दारापर्यंत पोचल्यावर आगारप्रमुखांनी हाक मारली. "कोबाल्टचा म्हणता, मग निळा कसा नाही हो?"

घरची परिस्थिती त्याहून नाजूक होती. चाकू गेला हे बायकोला कळलं असतं तर कानातल्याचा विषय कायमचा बंद झाला असता. नुसता बंद नव्हे, उलटला असता. शिवाय त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. तिने इतक्या वर्षांत त्यांच्यासाठी आपल्या मनाने निवडून आणलेली ही एक वस्तू होती, आणि ती सफरचंदाच्या सालीबरोबर काउंटरवर टाकून ते हात धुवायला गेले होते. खिशावर हात जाई आणि रिकामा परत येई. दर वेळी त्यांना आपण फार हलके झालो आहोत असं वाटे.

बुधवारी एक पार्सल आलं.

"काढा की तुमचा चाकू," बायको म्हणाली.

"सुतळी चांगली आहे," जपूनसाहेब म्हणाले. "कापायची कशाला? सोडवू." आणि ते दातांनी गाठी सोडवत बसले. जेवण गार झालं. पार्सलमध्ये तिने मागवलेली नवी सुरी होती. ती बघून त्यांच्या घशात काहीतरी अडकलं. बहुधा सुतळी असावी.

गुरुवारी त्यांनी सफरचंद अख्खंच खाल्लं आणि सालीत सत्त्व असतं या विषयावर बायकोला माहिती दिली. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

उपाय एकच उरला. खालच्या मजल्यावरचे विमावाले. हा माणूस एजंट म्हणून उभी हयात लोकांना मरणाची भीती घालत आला होता, त्याला चाकूवर हक्क सांगणं काय कठीण? जपूनसाहेबांनी त्यांना जिन्यात गाठलं आणि सगळं पढवलं. मूठ, क्लिप, टक्.

"आणि एक चूक करायची," ते कानात म्हणाले. "एकच. पातं निळं सांगा."

"आयुष्यात खोटं बोललो नाही हो मी," विमावाले म्हणाले. "पण शेजारधर्म आहे. बघतो."

शुक्रवारी विमावाले काउंटरवर आले. जपूनसाहेब आतल्या खोलीत फाटकी रजई तपासत असल्याचं सोंग करत उभे होते. सगळं मनासारखं चाललं होतं. मूठ बरोबर, क्लिप बरोबर.

"पातं?"

"निळं," विमावाले म्हणाले.

"निळं?" सहायिका म्हणाली.

इथे थांबायचं होतं. पण समोरच्याला शंका आली की गप्प बसायचं, हे विमा विकणाऱ्या माणसाला कुठे माहीत! "निळं म्हणजे काय बाई, गर्द निळं! अंधारात चमकतं. मूठसुद्धा मूळची निळीच होती. आमच्या सासऱ्यांनी दिलेला, लढाईतला आहे तो. तुम्हाला म्हणून सांगतो, उद्या तुमच्या हातून हा चाकू पायावर पडला तर? घरी कोण कोण आहे तुमच्या?"

जपूनसाहेब रजईत तोंड खुपसून उभे राहिले. बऱ्याच वेळाने विमावाले आत डोकावले.

"चाकू काही मिळाला नाही," ते समाधानाने म्हणाले. "पण बाईंनी पॉलिसी घेतली."

सहायिका मागेच उभी होती. तिचे डोळे लकाकत होते. "खोटा मालकही पाठवलात सर! पण मी ओळखला. उद्या मोडीचा दिवस, ती शेवटची पायरी ना? मीच स्वतः मोडून घेईन, तुमच्या डोळ्यांदेखत."

शनिवारी लोहाराचा माणूस हातोडा घेऊन दारात बसला होता. जपूनसाहेबांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. डबा काउंटरवर तसाच होता. सहायिकेने कपाट उघडून धारदार वस्तू बाहेर काढल्या. एक कात्री, एक विळा आणि तो. इतक्यात काउंटरपाशी कोणीतरी म्हणालं, "तो चाकू माझा आहे."

जपूनसाहेबांनी मान वर केली. बायको उभी होती. पॉलिसीची बातमी विमावाल्यांनी जिन्यात सगळ्यांनाच सांगितली होती, आणि पॉलिसीच्या मागे चाकू आला होता.

"बाई, तुम्ही साहेबांच्या नातेवाईक," सहायिका म्हणाली.

"तो नंतरचा भाग. चाकूचे पैसे मी दिलेत. विचारा काय ते."

सहायिकेने विचारलं. मूठ, क्लिप, पातं, टक्. बायकोने सगळं बरोबर सांगितलं.

"कुठे काही अक्षरं?"

"क्लिपच्या खाली," बायको म्हणाली. "बारीक. क्लिप जरा वर उचलली की दिसतात. 'सापडल्यास हरवले-सापडले कार्यालयात द्यावा.' दुकानात लगेच घालून घेतली."

सहायिकेने क्लिप वर उचलून पाहिली. सहायिका आधी बायकोकडे बघू लागली आणि मग जपूनसाहेबांकडे.

"यांचं सगळंच बरोबर," ती हळूच म्हणाली. "म्हणजे नियमाने या मालक नाहीत. आणि सर, तुमचं एकच चुकलं होतं. अक्षरांचं. म्हणजे मालक तुम्ही. पण तुम्ही कर्मचारी." तिने चाकू काउंटरवर ठेवला. "सर, या परीक्षेचं उत्तर काय आहे हो?"

जपूनसाहेबांना वाटलं, आता 'शाब्बास, पास झालात' एवढं म्हटलं की सगळं मिटेल. बायकोसमोर मान ताठ राहील, सहायिकेची नोकरी पक्की होईल आणि सोमवारचं ते सफरचंद इतिहासजमा होईल. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. पण बायको त्यांच्याकडे अशा काही नजरेने बघत होती, की त्यांना एकदम ते कानातलं आठवलं. चिमणीएवढा चेहरा करून ती त्या दिवशी अख्ख्या घरभर गुडघ्यांवर फिरली होती.

"परीक्षा नव्हती," जपूनसाहेब म्हणाले. "मी विसरलो होतो. माझा चाकू माझ्या हातून हरवला."

"सर विसरत नाहीत," सहायिका ठामपणे म्हणाली. तिला हे अजिबात मान्य नव्हतं.

"पत्ता असलेल्या वस्तूचा काय नियम आहे?" बायकोने विचारलं.

"चौकशी न करता पत्त्यावर पोचवावी," सहायिका आणि जपूनसाहेब एकदमच म्हणाले.

"मग पत्त्यावर प्रमुख कोण बसतं?"

सहायिकेने विचार केला. तो तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. मग तिने चाकू दोन्ही हातांनी उचलला, काउंटर ओलांडून चार पावलं चालली आणि जपूनसाहेबांच्या टेबलावर ठेवला. लोहाराचा माणूस कात्री आणि विळा घेऊन निघून गेला.

घरी जाताना बसमध्ये जपूनसाहेबांचा हात सारखा खिशावर जात होता. खिशात चाकू होता, पण तरी हलकंच वाटत होतं.

"माझं नाव का नाही घातलंस?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाव घातलं असतं तर चाकू परत आला असता," बायको म्हणाली, "पण जपूनसाहेबांचा चाकू हरवला हे साऱ्या गावाला कळलं असतं. असा पत्ता घातला की चाकूही परत येतो आणि तुम्हीही जसेच्या तसे राहता."

जपूनसाहेब खिडकीबाहेर बघत राहिले. मग अचानक ताठ झाले.

"डबा!" ते म्हणाले. "डबा काउंटरवरच राहिला!"

"राहू दे. तळाला घातलंय."

"काय घातलंय?"

"तेच. डब्याला आहे, छत्रीच्या दांडीला आहे, चष्म्याच्या घराला आहे. पेनाला पट्टी चिकटवलीय, रुमालाच्या कोपऱ्यात शिवून दिलंय." तिने पदर सारखा केला. "आधीची सगळी माणसं जुनी होती. ती बिचारी न बोलता तुमच्या ड्रॉवरमध्ये ठेवून द्यायची. ही नवीन. हिला कोणी सांगितलं नव्हतं."

जपूनसाहेबांच्या डोळ्यांसमोरून आयुष्यभराचे रुमाल एकामागून एक जाऊ लागले.  उतरताना त्यांनी बायकोचा हात धरला, आणि स्टॉपपासून दारापर्यंत सोडला नाही. 

सोमवारी सकाळी त्यांनी ड्रॉवर उघडला. आत डबा होता, घासून लख्ख केलेला. लेबल नव्हतं. सहायिका मान खाली घालून एका बुटाची जोडी शोधत होती, आणि त्या एका बुटात तिला एवढं काय दिसत होतं कोण जाणे.

थोड्या वेळाने एक म्हातारे गृहस्थ छत्री न्यायला आले. छत्री कशी, तर म्हणाले काळी, आणि दांडी वाकडी. खरं तर दांडी सरळ होती. जपूनसाहेबांनी छत्री काढली, टक् करून लेबलची सुतळी कापली आणि ती त्यांच्या हातात दिली. गृहस्थ खाली बघून उभे राहिले. ते पूर्वीही येऊन गेलेले असावेत. सहायिकाही हातातला बूट ठेवून ऐकू लागली.

"होतं असं," जपूनसाहेब म्हणाले आणि न पुसलेला चाकू खिशात ठेवला.